माळवद उतरवण्याचा आठवडा

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नाही, आणि तिला जाऊनही आता सहा वर्षं झाली. मध्यंतरी कॉलेजच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे सुरुवातीच्या दिवसांवर लेख मागितला होता. मी पत्र्याच्या वर्गांबद्दल लिहिलं, उन्हाळ्यात दुपारी शिकवणं कसं अशक्य व्हायचं ते लिहिलं, प्राचार्यांच्या सायकलीबद्दलही लिहिलं. माझ्या एका सहकाऱ्याबद्दल त्यात एकच ओळ होती: 'घरबांधणीच्या संशोधनासाठी अनुदान मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न दुर्दैवाने सफल झाला नाही.' लेख छापून आला. लोकांनी कौतुक केलं. त्या ओळीवरून मात्र माझी नजर आजही पुढे सरकत नाही. दुर्दैवाचा तिथे काही संबंध नव्हता. जे झालं ते मी केलं होतं.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणीतला एक तालुका होता. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि संशोधन समितीचा प्रमुख होतो. समिती म्हणजे मी आणि एक फाईल. माझा स्वतःचा प्रबंध सात वर्षांपासून तिसऱ्या प्रकरणावर अडून होता. कोणी विचारलं की मी म्हणायचो, "आकडे जमवून राहिलो." आकडे कधीच जमले होते, माझ्यानं लिहिणं होत नव्हतं.

तो सहकारी भूगोलाचा. माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान, नुकताच रुजू झालेला. आखाडा बाळापूरच्या बाजूच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतला. रोज एस.टी.नं यायचा, आणि त्याच्या पिशवीत वह्यांपेक्षा मातीच जास्त असायची. पत्र्याच्या डब्यांत वेगवेगळ्या गावांची माती भरून त्यावर गावांची नावं चिकटवलेली. शिक्षकांच्या खोलीत त्याच्या टेबलाभोवती मुलं गोळा व्हायची. माझ्या टेबलाजवळ मुलं यायची ती हजेरीचे टक्के वाढवून मागायला.

त्या वर्षी सरकारच्या एका खात्याचं परिपत्रक आलं. खेड्यांतल्या घरांवर संशोधनासाठी अनुदान मिळणार होतं. अट अशी की कॉलेजनं एकट्यानं अर्ज करायचा नाही. ज्यांच्या घरांवर काम करायचं त्या गावातला एक भागीदार हवा, आणि तो कागदावर बरोबरीचा हवा. परिपत्रक माझ्याकडे आलं, मी वाचलं आणि फाईलला लावलं. आपल्या भागातले लोक सरकारशी बरोबरीची भागीदारी काय करणार, असं मला वाटलं. महिनाभरानं ते त्याच्या हाती लागलं. त्यानं ते उभ्यानंच वाचलं आणि म्हणाला, "सर, हे तर माळवदासाठीच निघालंय."

माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छत. तुळयांवर किलच्या, म्हणजे लाकडाच्या आडव्या पट्ट्या, त्यावर लिंबाचा पाला, त्यावर मातीचे थर आणि सगळ्यात वर पांढरी खारी माती. नीट घातलेलं माळवद उन्हाळ्यात घर गार ठेवतं आणि पावसात गळत नाही. बिघडलेलं असेल तर घरात चिखल. बेघरांसाठी सरकारी वसाहती निघणार होत्या आणि त्यांवर पत्रे पडणार हे ठरल्यासारखंच होतं. त्याचं म्हणणं असं की माळवदाची नीट मापं घेतली, कोणती माती किती पाणी अडवते हे तपासून कागदावर आणलं, तर त्या वसाहतींना पत्र्याऐवजी हे छत देता येईल. आमच्या उन्हात पत्र्याखाली लेकरू निजवून बघा, असं तो म्हणायचा.

भागीदार म्हणून त्यानं त्याच्या वस्तीतल्या एका बाईंचं नाव घातलं. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं. वय साठीच्या पुढचं. पंचक्रोशीतली निम्मी माळवदं त्यांच्या हातची होती. माती जिभेवर ठेवून ती छताला चालेल की नाही हे त्या सांगायच्या. अर्जात एक रकाना होता, भागीदाराची पात्रता. त्यात त्यानं लिहिलं: 'चाळीस वर्षे छते घालण्याचा अनुभव. ज्या घरांत प्रवेश नव्हता त्या घरांवरही बाहेरून शिडी लावून काम केले आहे.'

अर्ज इंग्रजीत करायचा होता. त्याचं इंग्रजी बेताचं, म्हणून तपासायला माझ्याकडे आणला. मी तो घरी नेला. मी तेव्हा भाड्याच्या एका स्लॅबच्या घरात राहायचो. तो स्लॅब श्रावणात गळायचा आणि जेवायच्या खोलीत बादली ठेवावी लागायची. मी अर्ज तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना मी फक्त चुका शोधत होतो. स्पेलिंगच्या चार सापडल्या. त्या सापडल्यावर मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते, कारण बाकीच्या अर्जात माझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं. इतकं साधं आणि इतकं नेमकं मला कधी लिहिता आलं नव्हतं. पात्रतेचा तो रकाना वाचून मी बायकोपुढे हसलो. म्हणालो, "माती चाखणाऱ्या बाईला संशोधक केलंय."

ती म्हणाली, "मग बराबरच हाय की. माझ्या माहेरचं छत असल्याच एका बाईनं घातलेलं. तिच्यावाणी कुणाला जमलं न्हाई पुन्हा."

मी चुका दुरुस्त केल्या, समितीप्रमुख म्हणून सही केली आणि अर्ज पाठवला. तोवर मी सरळ होतो. अर्ज जाईल आणि कुठेतरी पडून राहील, अशी माझी खात्री होती.

दिवाळीनंतर उत्तर आलं. अर्ज पहिल्या फेरीत निवडला होता. पत्रात खास लिहिलं होतं की भागीदाराची पात्रता इतक्या प्रामाणिकपणे मांडलेला दुसरा अर्ज आलेला नाही. प्राचार्यांनी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. शिपायानं पेढे आणले. मीही एक खाल्ला. प्राचार्य माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, अशी कामं पाहिजेत. नाहीतर आमचे काही लोक सात-सात वर्षं आकडेच जमवून राहिलेत." सगळे हसले. तो हसला नाही. तो म्हणाला, "सरांनी तपासला म्हणून अर्ज टिकला." तो मनापासून बोलला होता, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं. टोमणा असता तर मी उलटून काही बोललो असतो.

त्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे फार बघत असे. तो कुणाशी बोलतो, प्राचार्य त्याला किती वेळ केबिनमध्ये बसवतात, चहा त्याच्या टेबलावर आधी येतो की माझ्या. त्याची जात माझ्या मनात नव्हती असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. वसमतच्या बाजूला आमचं गाव, आमचंही घर माळवदाचंच. ते घालणाऱ्या बाईला माझी आई वरूनच पाणी ओतायची आणि ती ओंजळीनं प्यायची. त्या बाईच्यासारख्याच वस्तीतला माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, याचं मला काही वाटत नव्हतं. तो माझ्या पुढे जातो आहे, याचं वाटत होतं. यातला फरक मला तेव्हा फार मोठा वाटायचा. आता वाटत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला खात्याचं आणखी एक पत्र आलं. पाहणीसाठी एक अधिकारी येणार होते. ते घर पाहतील, भागीदाराशी बोलतील आणि त्यांच्या अहवालावर अनुदान ठरेल. मे महिन्यातला पहिला किंवा तिसरा आठवडा, यातला सोयीचा कोणता ते कळवा, असं लिहिलं होतं. मी पत्र त्याला दाखवलं.

तो लगेच म्हणाला, "तिसरा द्या सर. पहिल्या आठवड्यात मी पेपर तपासायला औरंगाबादेत असतो. आणि दुसरं म्हणजे, मावशीचं माळवद यंदा त्याच आठवड्यात उतरवायचंय."

हे त्यानं मला समजावून सांगायची गरज नव्हती. दरसाल वरून थोडी पांढरी माती टाकतात, पण मातीवर माती चढून छताचं ओझं वाढतं. म्हणून काही वर्षांनी एकदा, पावसाच्या आधी, सगळं छत उतरवतात. जुनी माती खाली काढतात, वाळवी लागलेल्या किलच्या बदलतात, नवा पाला घालतात आणि पुन्हा थर देऊन धोपटतात. आठ-दहा दिवस घर उघडं पडतं. सामान अंगणात, माणसं झाडाखाली. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, घर मोडून पडलंय. माहीत असलेल्याला कळतं की हे घर राखायचं काम चाललंय.

"ठीक आहे," मी म्हणालो, "तिसरा कळवतो."

संध्याकाळी कॉलेजात कोणी नव्हतं. मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि पहिला आठवडा लिहिला. माझ्याकडून तो चुकून लिहिला गेला नाही. टाइप केल्यावर मी ते वाचलं, सही केली, जावक क्रमांक टाकला आणि पोस्टात टाकायला मी स्वतः चालत गेलो. मला ते अनुदान नको होतं. माझा दुसरा अर्ज नव्हता, कसली योजना नव्हती. त्याला ते मिळू नये, एवढीच माझी इच्छा होती.

तारीख पक्की होऊन आली तेव्हा मी त्याला म्हणालो, "त्यांनीच पहिला आठवडा ठरवला. वरच्यांपुढं आपलं काय चालतं."

त्यानं तारीख पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "मी पेपर सोडून येऊ का?"

"नोकरी कायम व्हायची आहे तुमची," मी म्हणालो. "विद्यापीठाचं काम टाळू नका. मी आहे ना."

"तुम्ही हाय म्हणून तर बिनघोर हाय सर." घाईत तो घरच्यासारखं बोलायचा. साहेबांना काय काय समजावून सांगायचं ते त्यानं एका कागदावर लिहून दिलं. पहिलीच ओळ होती: 'छत उतरवलेले दिसेल. ते पडलेले नाही, हे आधी सांगावे.'

साहेब आले ते दक्षिणेकडचे. मराठी नाही, हिंदीही तुटक. माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. सभ्य, थकलेले गृहस्थ. परभणीपासून जीपमध्ये धूळ खात आले होते. कळमनुरी मागे पडल्यावर त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. त्याचा कागद माझ्या खिशात होता.

वस्तीत पोचलो तेव्हा मावशींचं घर नुसत्या भिंतींवर उभं होतं. तुळया उघड्या, मधूनमधून आभाळ. अंगणात मातीचा ढीग, त्याला टेकून उतरंडीची मडकी, पेटी, खाट. मावशी वर होत्या. लुगड्याचा काचा मारून तुळईवर पाय टाकून बसल्या होत्या आणि एकेक किलची ठोकून बघत होत्या. आवाजावरून आतली वाळवी कळते. जीप बघून त्या शिडीनं खाली आल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "या मास्तर. लेकरू आलं न्हाई का आमचं?"

"पेपर तपासायला गेलेत."

"मला म्हणला व्हता तो. मास्तर समदं सांगतील म्हणला."

साहेब वर बघत उभे होते. त्यांनी मला विचारलं, "हे कोसळलं का?"

मी मावशींना विचारलं, "साहेब विचारतात, छताला काय झालं."

मावशी हसल्या. "काय झालं? काही न्हाई झालं. वझं झालतं मातीचं, उतरून राहिलो. म्हाताऱ्या माणसाचं पांघरूण जड झालं तर काढून झटकावं न्हाई का, तसं हाय हे. ह्या किलच्या बघा, सागाच्या हायेत, माझ्या सासऱ्यानं घातलेल्या. अजून दोन पिढ्या जातील."

मी साहेबांना सांगितलं, "त्या म्हणतात, मातीचं ओझं झालं होतं, म्हणून काढावं लागलं."

एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी वहीत लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "पावसाळ्याआधी त्या राहणार कुठे?"

मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पंधरा दिसांत चढतंय परत. साहेबाला म्हणावं, तवा या. वर चार घागरी पाणी वततो आन् तुमाला खाली बसवतो. एक थेंब पडला तर माझं नाव बदला म्हणावं." त्यांनी साहेबांकडे बघून चार बोटं दाखवली, मग घागर उपडी केल्याचा हात केला. साहेब माझ्याकडे बघून हसले आणि वाट बघत राहिले.

या वाक्याचं मी भाषांतर केलं नाही. मी म्हणालो, "सध्या झाडाखाली राहतात. पुढचं बघू म्हणतात."

साहेबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. आजूबाजूला पाहून ते म्हणाले, "ज्यांची ही पद्धत आहे त्यांनाच ती पेलत नसेल, तर आपण तिच्यावर पैसा घालणं योग्य होईल का? तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटलेलं सांगण्याची संधी त्यांनी मला दिली होती. माझ्या आयुष्यात मला इतक्या सरळ कोणी काही विचारलं नसेल. मी म्हणालो, "मी अर्थशास्त्राचा माणूस. यातलं मला फारसं कळत नाही."

मावशींनी गुळाचा चहा केला. साहेबांनी घोटभर घेतला. मी घेतला तो सगळा. शेजारच्या अंगणातून कोणी म्हणालं, "काय मावशे, साहेबाला मातीबीती चारली का न्हाई?" आणि मावशी म्हणाल्या, "तुला चारते थांब, भाड्या." सगळे हसले. निघताना त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "समदं सांगितलं ना मास्तर? त्या घागरीचं?"

"व्हय," मी म्हणालो. "सांगितलं."

"मग काहून गप झाला तो?"

"मोठे लोक असेच असतात मावशी."

त्याचा कागद मी खिशातून काढलाच नाही. परतताना कळमनुरीच्या पुढे जीप पाण्यासाठी थांबली. साहेब झाडाखाली बसून वहीत लिहीत होते. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होतो. तेव्हाही बोलता आलं असतं.

पावसाळा लागल्यावर पत्र आलं. स्थानिक बांधकाम पद्धती रहिवाशांनीच मोडीत काढल्याचे दिसून येते, सबब प्रस्तावाचा पुढे विचार करता येत नाही. त्यानं ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "मोडीत? मावशीचं छत तर सहा आठवडे झाले, ठणठणीत हाय." मग म्हणाला, "सर, पुन्हा लिहून बघू?" मी म्हणालो, बघू. मी लिहिलं नाही, आणि समितीप्रमुखाच्या सहीशिवाय त्याला लिहिता येत नव्हतं. दोन वर्षांनी वस्तीच्या बाजूला सरकारी घरं झाली. पत्र्याची. त्याला नांदेडकडे नोकरी मिळाली आणि तो गेला. मातीचे डबे त्यानं कॉलेजात ठेवले होते. ते पुढे कुणी टाकले मला माहीत नाही. मला अपेक्षा होती तसं बरं काही वाटलं नाही, पण त्याचं टेबल रिकामं झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे आणि तेही इथे लिहायला हवं.

मी निवृत्त झालो, प्रबंध झाला नाही, बायको गेली. त्याच्या निवृत्तीची बातमी कळली तेव्हा मी ठरवलं की जाऊन सांगायचं. वाक्य तयार केलं. लांबलचक नको, कारणं नकोत. तारीख मी दिली होती, मावशींचं बोलणं मी अर्धं सांगितलं, मला माफ करा. हिंगोलीहून नांदेडपर्यंत बसमध्ये ते मी मनात म्हणत गेलो.

त्याचं घर छोटं, नीटनेटकं. तो थकला होता, श्वास लागायचा, पण मला बघून उठून उभा राहिला. सुनेला म्हणाला, "हे आमचे सर. माझा पहिला अर्ज यांनी तपासला होता." पोहे आले. मावशींचा विषय त्यानंच काढला. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तोंड उघडणार, इतक्यात तो म्हणाला, "सर, एक गोष्ट मनात राहून गेलीय. तुमची माफी मागायचीय."

मी चमचा ताटलीत ठेवला.

"त्या दिवशी मी यायला पाहिजे होतं. पेपर काय, पुन्हा तपासता आले असते. मी नोकरीला भ्यालो आणि तुम्हाला एकट्याला साहेबापुढं उभं केलं. तुमचा तो विषयही नव्हता. मावशी शेवटपर्यंत म्हणायची, मास्तरांनी लई समजावलं रे, त्या साहेबाच्याच डोक्यात शिरलं न्हाई. पण मला माहीत होतं, दोष माझा होता. इतकी वर्षं तुम्ही कधी बोलूनही दाखवलं नाही."

तीस वर्षं तो ते स्वतःवर घेऊन बसला होता. मी पोह्यांची ताटली खाली ठेवली. सून दारात उभी होती. आता ती आत जाईल, मग बोलू, असं मी मनाशी म्हणालो. ती गेली. मी म्हणालो, "जाऊ द्या हो. जुनी गोष्ट आहे."

म्हणजे मी त्याला माफ केलं.

तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला, दोनदा थांबून श्वास घेत. कोपऱ्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "लई हलकं वाटलं सर," तो म्हणाला. पुढच्या वर्षी तो गेला. पण त्या वेळी तो माझ्यासमोर उभा होता, ऐकत होता, रस्त्यात आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. तारीख मी दिली होती, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हिंगोलीची गाडी आता किती वाजता आहे?"